राबाची आग आणि भाताचे रोप

१/
वैशाखात ठाणे-कुलाबा भागांतील खाचरांवर धूर दिसू लागे. रोपे तयार करण्याच्या वाफ्यावर शेतकरी शेण, झाडांचा टहाळ, गवत आणि पालापाचोळा यांचे थर रची, वर मातीचा पातळ थर देई आणि ते सारे सावकाश जाळी. हाच राब. पाऊस पडला की त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरायचे आणि पुढे रोपे उपटून लावणी करायची.

२/
१८७८च्या वन कायद्यानंतर टहाळ तोडण्यावर बंधने आली. सरकारला छाटलेली झाडे दिसत होती; शेतकऱ्याला रोपाविना खाचर दिसत होते. असंतोष वाढला आणि १८८५ साली मुंबई सरकारला ठाणे-कुलाब्यासाठी वन आयोग नेमावा लागला. राब हा त्या वादाचा गाभाच होता.

३/
आक्षेप सरळ होता: शेण जाळता कशाला? कुजवून खत म्हणून घाला! रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य होते, कारण शेण जळताना त्यातील बराचसा नायट्रोजन हवेत निघून जातो. मग भाजलेल्या वाफ्यातले रोप जोमदार का?

४/
पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांच्यासह याच प्रश्नावर प्रयोग केले. ते १९१२ साली प्रसिद्ध झाले. केवळ राखेने राबाचा गुण उलगडत नाही, खुद्द मातीला लागलेली उष्णताही महत्त्वाची आहे, हे त्यातून पुढे आले. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी १९०९ सालीच दाखवले होते की तापवलेल्या मातीत अमोनिया वाढतो. म्हणजे शेणातला नायट्रोजन उडाला, तरी मातीत अडकून पडलेला मोकळा होत होता. शिवाय तणाचे बीही जळत होते. आयोगापुढे गाऱ्हाणे मांडणाऱ्या कुळांना हे शास्त्र ठाऊक नव्हते. गुण मात्र पक्का ठाऊक होता.

५/
रोप वाफ्यात जेमतेम तीन-चार आठवडे राहते आणि त्याची मुळे इवलीशी असतात. चांगले कुजलेले खत माती भुसभुशीत करते, पण नायट्रोजन हळूहळू सोडते. अर्धवट कुजलेला काडीकचरा तर उलट वागतो: तो कुजवणारे जिवाणू मातीतलाच नायट्रोजन वापरतात आणि रोप पिवळे पडते. अमोनियम सल्फेट काही दिवसांत हिरवेपणा आणते. मात्रा अधिक झाली, तर रोप उंच, लुसलुशीत आणि उपटताना मोडणारे होते.

६/
कचरा आधीच नीट कुजवून घेण्याची पद्धत इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी बसवली. त्यांचे पुस्तक १९३१चे. सिंद्रीच्या सरकारी कारखान्यात १९५१ साली अमोनियम सल्फेट तयार होऊ लागले. टहाळाला पर्याय मिळाला खरा, पण आयोग बसल्यानंतर सहा दशकांहून अधिक काळाने, आणि तोही विकत घ्यायचा. पालघर-रायगडच्या काही गावांत उन्हाळ्याच्या अखेरीस राब अजूनही भाजला जातो.