बोटीचा भोंगा आणि त्यामागचे हात

भोंगा या शब्दाला गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात वेगळाच वाद चिकटला आहे. इथे ज्या भोंग्याबद्दल लिहितो आहे तो बोटीचा. समुद्रावर धुकं उतरलं की दिवा कुचकामी ठरतो आणि माणसाचा जीव आवाजावर येऊन टिकतो. त्या आवाजाचा इतिहास फार जुना नाही, आणि जो आहे तो श्रेय कोणाला मिळालं नाही याचाच जास्त आहे.

सुरुवात कॅनडातून करावी लागते. न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉन बंदराच्या तोंडाशी पार्ट्रिज बेट आहे. तिथे धुकं नेहमीचंच. रॉबर्ट फाउलिस हा मूळचा स्कॉटिश माणूस, चित्रकार आणि इंजिनिअरही. वाफेवर चालणारी शिट्टी धुक्यात इशारा म्हणून वापरावी ही कल्पना त्याची. एका धुकट रात्री घरी परतताना त्याला मुलीच्या पियानोचे खालचे सूर तेवढे ऐकू आले, वरचे विरून गेले, आणि त्यावरून ही कल्पना सुचली, असं सांगतात. ही दंतकथाही असेल, पण त्यातलं शास्त्र खरं आहे: जाड, खालचा आवाज लांब जातो. 1859 मध्ये बेटावर शिट्टी बसली, ती दुसऱ्याच्या हातून. आराखडे फाउलिसचे, नाव दुसऱ्याचं. त्याने अर्ज-विनंत्या केल्या. तिथल्या कायदेमंडळाने शोध त्याचाच असल्याचं मान्यही केलं, पण हातात पैसा आला नाही. पेटंट त्याने घेतलंच नव्हतं. 1866 मध्ये तो गरिबीत वारला.

वाफेऐवजी दाबलेल्या हवेवर भोंगा वाजवण्याचा खटाटोप त्याच्याही आधीचा. अमेरिकेत सेलाडन डॅबोल याने 1851 च्या सुमारास ऱ्होड आयलंडच्या बीव्हरटेल दीपगृहावर हवेचा भोंगा लावून दाखवला. हवा दाबायला इंजिन नव्हतं, घोडा होता. आज कॉम्प्रेसरचं बटण दाबताना ही गोष्ट आठवली की गंमत वाटते.

मग आला जॉन टिंडल. 1873 मध्ये इंग्लंडच्या डोव्हरजवळ साउथ फोरलंड इथे त्याने भोंगे, सायरन आणि तोफा वाजवून पाहिल्या. धुकं आवाज गिळतं अशी सगळ्यांची समजूत होती. टिंडलला उलटच आढळलं. धुक्यात आवाज लांबवर ऐकू आला, आणि एखाद्या लख्ख उन्हाच्या दिवशी दोन-तीन मैलांवर विरून गेला. याचं कारण हवेतल्या अदृश्य ढगांत आहे असं तो म्हणाला. पुढच्या शास्त्रज्ञांनी वाऱ्यामुळे आणि तापमानातल्या फरकामुळे आवाज वळतो असं सांगून त्याला दुरुस्त केलं. खलाशासाठी अर्थ एवढाच, की भोंगा ऐकू आला नाही म्हणजे समोर बोट नाही, असं कधीही धरायचं नाही.

आता भोंग्याच्या पोटात डोकावू. बोटीवरच्या हवेच्या भोंग्यात एक पातळ गोल पत्रा असतो, त्याला पडदा म्हणू. मागून दाबाची हवा येते, पडद्याला त्याच्या बैठकीवरून उचलते आणि फटीतून कर्ण्यात निसटते. निसटताच दाब घटतो आणि पडदा परत बैठकीवर आपटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं. भोंगा म्हणजे एवढंच. म्हणूनच तो दुरुस्त करता येतो, आणि म्हणूनच तो बिघडतोही.

जुना भोंगा गप्प झाला की नवखा माणूस पहिल्यांदा भोंगाच उघडतो. जाणता मिस्त्री टाकीपासून सुरुवात करतो. दाबाचा काटा किती दाखवतो? टाकीच्या तळाची कॉक उघडल्यावर हवा येते की पाणी? हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते, आणि कोकणासारख्या दमट किनाऱ्यावर हे पाणी भरपूर साठतं. कॉम्प्रेसरचं तेल त्यात मिसळलं की नळीत चिकट गाळ होतो, आणि तोच पुढे पडद्याला जाऊन चिकटतो. मग जोडांवर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडे दिसले की गळती सापडली. मग झडप. हाताच्या दांड्याने भोंगा वाजतो पण विजेच्या बटणाने नाही, तर दोष कॉइलमध्ये किंवा वायरमध्ये. दोन्हींनी वाजत नाही पण कर्ण्यातून नुसता फुस्स आवाज येतो, तर हवा पोचते आहे, पडदा हलत नाही. सुरुवातीला दणक्यात वाजून आवाज बसत गेला, तर हवा पुरत नाही: नळी अरुंद, दबलेली किंवा गाळाने भरलेली.

एवढं झाल्यावरच वर चढायचं. त्याआधी हवा बंद करायची, नळीतली सोडून द्यायची आणि झडपेवर पाटी लावायची. डोकं कर्ण्यासमोर असताना खालून कोणी बटण दाबलं तर कान कायमचा जाऊ शकतो. पडद्यावर मीठ, गंज किंवा बारीक चीर सापडते. कधी कर्ण्यात गांधीलमाशीचं घर असतं. बैठक हलक्या हाताने साफ करायची, झाकणाचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळायचे. एकाच बाजूने आवळले तर पडदा वाकडा बसतो आणि आवाज फाटतो.

पडदा बदलताना मिळेल त्या जाडीचा पत्रा कापून बसवला तर भोंगा वाजेलही, पण सूर बदलेल. आणि समुद्रावर सूर हा नियमाचा विषय आहे. 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे 200 मीटर आणि त्याहून लांब बोटीचा सूर 70 ते 200 हर्ट्झमध्ये असावा लागतो, तर 75 मीटरपेक्षा लहान बोटीचा 250 ते 700 मध्ये. मोठी बोट जाड बोलते, लहान बोट बारीक. समोरच्याला आकार कानाने कळतो. खोटा सूर म्हणजे खोटी ओळख.

जुना सूर जपला गेल्याचं ठळक उदाहरण क्वीन मेरीचं. 1936 च्या या बोटीचा भोंगा 55 हर्ट्झचा, वाफेवर वाजणारा. 2004 मध्ये सुरू झालेल्या क्वीन मेरी 2 वर त्यातला एक, हवेवर चालेल असा बदलून, बसवला गेला. अशी नामांकित बोट असली की दुरुस्तीचीही बातमी होते.

बाकीच्यांचं काय? पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश व्यापारी बोटींवर 50 हजारांहून अधिक लस्कर होते. त्यांत रत्नागिरी-कुलाब्याकडचे कोकणी मुसलमान होते, हिंदू होते, शिवाय सिल्हेट, पंजाब, गोव्याचेही. त्यांच्या हुद्द्यांची नावं आजही कोकणातल्या घरांत ऐकू येतात: सारंग, टिंडेल, सुकाणी, आगवाला, तेलवाला. सारंग हा फारसी सरहंगवरून आलेला. टॉमस रोबकने 1811 मध्ये जहाजावरच्या हिंदुस्तानी बोलीचा कोशच छापला होता. त्यात शिडं आणि दोर आहेत, भोंगा तेव्हा जन्मायचा होता. पुढे वाफ आली, हवा आली, आणि झडपा पुसणारे, नळ्यांतलं पाणी काढणारे, खारट पडदे घासणारे हात बहुतेक यांचेच होते. हा हुनर उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडीच गेला. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये युद्धात बुडालेल्या खलाशांची स्मारकं आहेत. तिथे जी नावं आहेत ती समुद्रात मेलेल्यांची. भोंगा चालू ठेवून बोट सुखरूप बंदरात आणणाऱ्याचं नाव कुठे लिहायची पद्धत नव्हती.

ज्यांच्या घरात निवृत्त खलाशी अजून आहेत त्यांनी त्यांना एवढंच विचारावं: भोंगा बंद पडला तर तुम्ही आधी काय बघायचात? उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवावं.

आणि दुरुस्त झालेला भोंगा वाजवून पाहण्याची घाई असेल तर आधी बंदराच्या कंट्रोलला कळवावं. एक छोटा आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे माझं इंजिन मागे चालतंय. पाच किंवा जास्त म्हणजे तुझा इरादा मला कळत नाहीये. धक्क्याला बांधलेल्या बोटीने हौसेने तीन दिले, तर मागून येणारा मचवेवाला ते खरंच मानणार.