ग्लोव्हज आणि पासबुक

आबिड्स हे नाव क्रिकेटपटू सय्यद आबिद अलीवरून पडलं असेल, असं एखाद्या नवख्या पाहुण्याला वाटलं तर त्याला हसू नये. नाव खरं तर सहाव्या निजामाच्या, महबूब अली खानच्या पदरी असलेल्या अल्बर्ट आबिद या आर्मेनियन व्यापाऱ्याचं. त्याचं दुकान कधीच गेलं, नाव मात्र रस्त्याला चिकटून राहिलं. पण आबिद अलीचाही या भागाशी संबंध होताच. तो शिकला सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूल आणि ऑल सेंट्स हायस्कूल या शाळांत, दोन्ही आबिड्सच्याच पंचक्रोशीतल्या. फतेह मैदान, म्हणजे आताचं लालबहादूर स्टेडियम, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. आणि त्याला पहिली नोकरी देणाऱ्या बँकेचं मुख्य कार्यालयही तिथेच होतं, गनफाउंड्रीला. फ्रेंच सरदार रेमाँने अठराव्या शतकात जिथे तोफा ओतल्या, त्या जागेच्या नावाचा हा भाग.

ही बँक म्हणजे स्टेट बँक ऑफ हैदराबाद. जन्म 1941चा, निजामाच्या राज्याची मध्यवर्ती बँक म्हणून. उस्मानिया सिक्क्याचा, म्हणजे संस्थानाच्या स्वतःच्या चलनाचा कारभार तिच्याकडे होता. 1956 साली ती रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात आली आणि तिचं नाव बदललं. 1959 साली ती स्टेट बँक ऑफ इंडियाची उपकंपनी झाली. मराठवाड्यातल्या वाचकाला हे सांगायला नको. औरंगाबाद, परभणी, नांदेडकडच्या कित्येक घरांत पेन्शनीचं पासबुक ‘एसबीएच’चंच असायचं.

या बँकेने क्रिकेट संघ काढला आणि त्यासाठी तरुण आबिद अलीला नोकरी दिली. गंमत अशी की तो संघात आला तो यष्टीरक्षक म्हणून. मध्यमगती गोलंदाज तो नंतर झाला. डिसेंबर 1967मध्ये अ‍ॅडलेडला पहिल्याच कसोटीत त्याने 55 धावांत 6 बळी घेतले. त्याच दौऱ्यात सिडनीला 78 आणि 81 धावा केल्या. 24 ऑगस्ट 1971 रोजी ओव्हलवर इंग्लंडविरुद्ध विजयी चौकार मारला तोही त्यानेच. 29 कसोट्या, 47 बळी, हजारावर धावा. ग्लोव्हज वेळीच उतरवल्याचा त्याला फायदा झाला का? झाला असावा. कारण क्रिकेटमध्ये यष्टीमागे बसण्याइतकं शरीर झिजवणारं दुसरं काम नाही.

हिशेब साधा आहे. दिवसाची नव्वद षटकं म्हणजे 540 चेंडू. तितक्या वेळा उकिडवं बसायचं आणि उठायचं. त्यात फिरकीचा उसळता चेंडू बोटाच्या टोकावर आदळतो. गुडघे, कंबर आणि बोटं यांतलं काहीतरी आधी दगा देतंच. डोळा आणि पाय किंचित मंदावले तरी फलंदाजाला काही हंगाम निभावून नेता येतं. यष्टीरक्षकाचा सुटलेला झेल मात्र सगळ्या मैदानाला दिसतो.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये फलंदाजामागे बसणाऱ्या कॅचरची अवस्था हीच. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपासचे चेंडू, हंगामाला 162 सामने, आणि प्रत्येक सामन्यात शंभराहून जास्त वेळा बैठक. तिथे मात्र खेळाडूच्या शरीराचं पुढच्या काही वर्षांचं भाकीत करून क्लब डॉलर मोजतात. न्यू यॉर्क यांकीजने 2007च्या अखेरीस 36 वर्षांच्या होर्हे पोसाडाशी चार वर्षांचा, 5 कोटी 24 लाख डॉलरचा करार केला. शेवटच्या वर्षी तो बहुतेक फक्त फलंदाजीपुरता संघात होता. मिनेसोटा ट्विन्सने 2010मध्ये जो मावरला आठ वर्षांसाठी 18 कोटी 40 लाख डॉलर कबूल केले. 2013मध्ये डोक्याला मार बसला आणि पुढच्या हंगामापासून तो कॅचर राहिलाच नाही. पगार ठरल्याप्रमाणे चालू राहिला. क्लबला तोटा, खेळाडूला विमा, असा हा व्यवहार.

भारतात हा विमा कोणी उतरवला? क्रिकेट मंडळाने तरी नाही. एका कसोटीचे अडीचशे रुपये मिळायचे त्या काळात करार हा शब्दच मैदानाबाहेरचा होता. विमा उतरवला तो बँकांनी आणि कारखान्यांनी. अजित वाडेकर आणि गुंडप्पा विश्वनाथ स्टेट बँकेत होते. मुंबईत टाइम्स शील्डसाठी कार्यालयांचे संघ एकमेकांशी भिडत. हैदराबादेत 1930-31 पासून मोईनुद्दौला सुवर्णचषक चाले. महाराजे आणि नवाब यांच्या संघांसाठी सुरू झालेल्या या स्पर्धेत पुढे स्टेट बँक, असोसिएटेड सिमेंट यांच्या टोप्या दिसू लागल्या. 1934च्या सुमारास वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन इथे खेळून गेला तेव्हा आश्रय राजेरजवाड्यांचा होता. तीस वर्षांत तो मस्टर आणि पगारपत्रकाचा झाला.

या नोकरीची अट खेळाच्या करारापेक्षा अगदी वेगळी. चांगला खेळलास म्हणून ठेवतो, असं नव्हे. एकदा कायम झालास की बोट मोडो, संघातून नाव जावो, निवृत्तीच्या वयापर्यंत टेबल तुझं. सामन्यासाठी खास रजा, बढतीत थोडी सवलत, आणि शेवटी भविष्य निर्वाह निधी. पोसाडाच्या कराराला शेवटची तारीख होती. बँकेच्या नोकरीत ती तारीख जन्मदाखल्यावरूनच ठरायची.

यष्टीरक्षकाला या सावलीची गरज किती, ते हैदराबादच्याच पी. कृष्णमूर्तीच्या कारकिर्दीत दिसतं. 1971 साली वेस्ट इंडीजमध्ये पाचही कसोट्यांत तो यष्टीमागे उभा राहिला. भारताने तिथे पहिल्यांदाच मालिका जिंकली. त्या वेळी फारुख इंजिनिअरचा विचार झाला नव्हता, कारण त्या हंगामात तो देशांतर्गत सामने खेळला नव्हता. उन्हाळ्यात इंग्लंडला भारताचा संघ गेला, लँकेशायरकडून खेळणारा इंजिनिअर कसोट्यांपुरता हजर झाला, आणि कृष्णमूर्ती राखीव. पुढे सय्यद किरमाणी आला. कृष्णमूर्तीच्या नावावर अखेरपर्यंत पाचच कसोट्या राहिल्या. 1999मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, तो गेला.

इंजिनिअरचं उदाहरण उलट टोकाचं. लँकेशायरने 1968 ते 1976 त्याला व्यावसायिक म्हणून खेळवलं, म्हणजे वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत. भारतीय यष्टीरक्षकाला उतारवयात खेळाच्या जोरावर पगार मिळण्याचं ते जवळपास एकटं उदाहरण, आणि पगार देणारा क्लब मँचेस्टरचा!

मुंबईकडे वय आडवं आलं तरी दार कधीकधी उशिरा उघडलं. यष्टीरक्षक समीर दिघेला पहिली कसोटी मिळाली ती बत्तिसाव्या वर्षी, मार्च 2001मध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्ध. शेवटच्या डावात नाबाद 22 धावा करून त्याने सामना आणि मालिका दोन्ही जिंकून दिल्या. एकूण कसोट्या मात्र सहा. चंद्रकांत पंडितांनी ग्लोव्हज ठेवल्यावर दुसराच धंदा उभा केला. प्रशिक्षक म्हणून मुंबई, विदर्भ आणि 2022मध्ये मध्य प्रदेश, असे रणजी करंडक त्यांच्या संघांनी उचलले.

मंडळाचे मध्यवर्ती करार आले 2004मध्ये. रकमा मोठ्या, पण मुदत एका वर्षाची. महेंद्रसिंग धोनीसारख्या, खरगपूरला तिकीट तपासनीसाची रेल्वे नोकरी सोडून आलेल्या माणसाचंही नाव जानेवारी 2020च्या यादीतून गळलं. कारण उघड होतं. 2019च्या विश्वचषकानंतर तो भारताकडून खेळलाच नव्हता.

पण चेन्नईच्या आयपीएल संघाने त्याला सोडलं नाही. 2022मध्ये 12 कोटी. ऑक्टोबर 2024मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, 4 कोटी, आणि तेही ‘अनकॅप्ड’ या रकान्यात, कारण पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्याला तो दर्जा देणारा नियम परत आणला गेला होता. म्हातारा कॅचर आणि त्याचा हप्त्याहप्त्याने उतरणारा दर, हे अमेरिकेतलं गणित भारतात असं मागच्या दाराने शिरलं.

तोपर्यंत गनफाउंड्रीची पाटी बदलली होती. 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद स्टेट बँकेत विलीन झाली, आणि तिच्या संघाचं नाव आता जुन्या धावफलकांतच उरलं. आबिद अली मार्च 2025मध्ये कॅलिफोर्नियात वारला, त्र्याऐंशी वर्षांचा होऊन.