शेटलंडची शाल आणि तिची चौकट

सुयांवरून विणकाम उतरलें म्हणजे तें पुरें झालें, अशी आपल्या घरांतून सर्वसाधारण समजूत असते. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांवरील बायकांना ही समजूत ऐकून हंसूं आलें असतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्या जाळीदार शाली नांवारूपास आल्या; १८५१ सालच्या लंडनमधील महाप्रदर्शनांतही त्या मांडलेल्या होत्या. अन्स्ट बेटावरची उत्तम शाल अंगठींतून ओढून काढतां येते, असें सांगतात. ढाक्याच्या मलमलीची हीच गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों!

परंतु ही शाल सुयांवरून उतरते तेव्हां तिचें रूप पाहून कोणासही कींव यावी. आकसलेला, चुरगळलेला लोकरीचा एक पुंजका. नक्षी आहे, पण मिटलेली. मग ती हलक्या हातानें साबणाच्या पाण्यांत धुवावयाची. पांढरी असल्यास पूर्वी जळत्या गंधकाची धुरीही देत, म्हणजे तिचा पिवळेपणा जाई. नंतर कडेच्या प्रत्येक टोंकांतून दोरा ओवून ओली शाल लांकडी चौकटीवर ताणून बांधावयाची. लोकरीचा धर्मच असा कीं, ओली असतां ती ताणाला वश होते, आणि त्याच ताणांत वाळली म्हणजे तो आकार धरून ठेवते. पुन्हां भिजली कीं सोडून देते. म्हणून प्रत्येक धुण्यानंतर हा सारा खटाटोप नव्यानें करावा लागतो. ताण कमी पडला तर जाळी उघडत नाहीं. अधिक झाला तर केसासारखा धागा तुटतो आणि कित्येक महिन्यांची मेहनत क्षणांत उसवते.

तेथें या कामास ‘ड्रेसिंग’ म्हणतात. लर्विक गांवीं तो कांहीं बायकांचा स्वतंत्र धंदाच होता, आणि आमच्या मतें त्यांची कारागिरी विणणारणींच्या कारागिरीहून रतिभरही उणी नव्हती.

मात्र चौकटीवर शालीचें मोल उघड होई, तें विणणारणीच्या पदरांत क्वचितच पडे. आयुक्त विल्यम गथ्री यांच्यापुढें १८७२ सालीं शेटलंडमध्यें सरकारी चौकशी झाली, तेव्हां अनेक बायकांनीं साक्षी दिल्या. रोख पैसा मागितला तर दुकानदार देत नसे. चहा किंवा कापड घ्या, नाहींतर पुढें माल उचलण्यासाठीं चिठ्ठी घ्या, असा व्यवहार. कित्येकींना तो चहाच शेजारीपाजारीं देऊन पोटासाठीं पीठ किंवा बटाटे मिळवावे लागत. राजघराण्यापर्यंत पोंचलेल्या या कलेची ही दुसरी बाजू वाचतांना आम्हांस खरोखर शरम वाटली.

कामगारांस मोबदला मालाच्या रूपानें देण्यास मनाई करणारा कायदा १८८७ सालीं अधिक व्यापक करण्यांत आला. तरी बेटांवरील विणकामांतून ती रीत पुढें कित्येक वर्षें गेली नाहीं, आणि पाठीवर पीटची टोपली घेऊन डोंगर उतरणाऱ्या बायकांच्या हातांतील सुयाही थांबल्या नाहींत.