जिल्हा साक्षरता समितीची कुळकथा

१९९० च्या सुमारास देशातील एकेका जिल्ह्यात जिल्हा साक्षरता समिती या नावाची जी संस्था उभी राहू लागली, तिचे रूप मोठे चमत्कारिक होते. जिल्हाधिकारी तिचा अध्यक्ष असे, तिच्या कामाला शाळांपासून महसूल खात्यापर्यंत सारी यंत्रणा जुंपलेली असे. तरी कायद्याच्या दृष्टीने ती शासनाचे कार्यालय नसून १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली, म्हणजे एखाद्या वाचनालयाच्या किंवा क्रीडामंडळाच्या पंक्तीत बसणारी संस्था होती. तिचे स्वतःचे बँक खाते होते, आणि प्रौढशिक्षणाच्या प्रशासनाच्या इतिहासात या खात्याला जेवढे महत्त्व आहे तेवढे तिच्या नियमावलीतील उदात्त उद्दिष्टांना नाही.

समितीची गरज का भासली, हे तिच्या आधीच्या व्यवस्थेवरून कळते. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमाने १५ ते ३५ वयोगटातील १० कोटी निरक्षरांना पाच वर्षांत शिकवण्याचे लक्ष्य ठेवले होते, आणि त्यासाठी प्रकल्प हे एकक ठरवले होते. एका प्रकल्पात साधारण ३०० केंद्रे, एका केंद्रात ३० प्रौढ, ३० केंद्रांमागे एक पर्यवेक्षक आणि केंद्र चालवणाऱ्या निदेशकाला सुरुवातीस दरमहा ५० रुपये मानधन, असा तो हिशेब होता. काही प्रकल्पांचा खर्च केंद्र सरकार, काहींचा राज्य सरकार आणि काहींचा अनुदानप्राप्त स्वयंसेवी संस्था पाहत. वर्ग रात्री भरत, म्हणून फळा, खडू आणि हजेरीपट यांच्या जोडीला कंदील आणि रॉकेल याही खर्चाच्या बाबी होत्या. ते वेळेवर न मिळाल्यास वर्ग बंद राही, हजेरीपट मात्र भरत राही. कागदोपत्री चालणाऱ्या केंद्रांची तक्रार पुढे सर्रास ऐकू येऊ लागली. मानधन उपजीविकेला पुरेसे नव्हते, पण नाव टिकवण्यास पुरेसे होते, आणि योजनेतील खरी खोट बहुधा येथेच होती.

दुसरी अडचण पैशाच्या वाटेची होती. केंद्राचे अनुदान आधी राज्याच्या एकत्रित निधीत जमा व्हावयाचे, राज्याच्या अर्थसंकल्पात त्याची तरतूद व्हावयाची, वित्त विभागाच्या संमतीनंतर शासन निर्णय निघावयाचा आणि मग जिल्ह्याच्या कोषागारात देयक मंजूर व्हावयाचे, अशी ती कोषागार पद्धत होय. तिच्यात हिशेबाची शिस्त आहे, परंतु काही महिन्यांत आटोपावयाच्या कामाला ती मानवत नाही, कारण मार्चअखेरीस हाती आलेली रक्कम खर्ची न पडल्यास परत जाते.

मानधनावाचून साक्षरतेचे काम होते, याचा दाखला महाराष्ट्रात आधीच मिळालेला होता. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू होऊन पुढे राज्यभर पसरलेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत प्राथमिक शिक्षक आणि शिकलेले गावकरी शिकवत, खर्चाचा बराच भार गाव उचलत असे आणि गाव साक्षर झाल्यावर ग्रामगौरव समारंभ होई. शिकलेले टिकवण्याची तजवीज मात्र पुरेशी नव्हती आणि अनेक नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे वळले. पैसा वाचला, पण पुढील वाचनाची सोय करण्यासाठी लागणारा पैसाही त्याबरोबरच वाचला.

नोंदणीकृत संस्थेची कल्पना शिक्षणखात्यातील नव्हती. १९८० च्या सुमारास ग्रामीण रोजगाराच्या योजनांसाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा स्थापन झाली होती. तीही नोंदणीकृत संस्थाच होती. साक्षरता समितीचे हे थोरले भावंड म्हणावयास हरकत नाही. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी केरळ शास्त्र साहित्य परिषद व जिल्हा प्रशासन यांनी मिळून एर्नाकुलममध्ये मोहीम उभी केली. ४ फेब्रुवारी १९९० रोजी तो जिल्हा पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला. एक जिल्हा, ठरावीक मुदत आणि बिनमानधनी स्वयंसेवक हा त्याचा साचा मिशनने देशभर नेला. महाराष्ट्रात सुरुवातीच्या मोहिमा सिंधुदुर्ग आणि वर्धा येथे झाल्या.

या साच्यात शिकवणाऱ्याला काहीही द्यावयाचे नव्हते, मग पैसा कशाला लागे? घरोघरचे सर्वेक्षण, तीन भागांच्या वाचनपुस्तिकांची छपाई, पाट्या-पेन्सिली, स्वयंसेवकांचे प्रशिक्षण, गावोगाव फिरणारे कलाजत्थे आणि बाहेरच्या संस्थेकडून मूल्यमापन, हे खर्चाचे मुख्य रकाने होते. केंद्र आणि राज्य यांचा वाटा २:१ असे, आदिवासी उपयोजनेच्या जिल्ह्यांत ४:१. केंद्राची रक्कम राज्याच्या कोषागाराला वळसा घालून थेट समितीच्या खात्यात येई, आणि आधीच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे रक्कम मंजूर कामासाठीच खर्च झाल्याचा अधिकृत दाखला, दिल्यावरच पुढचा हप्ता सुटे. अध्यक्ष जिल्हाधिकारी असल्याने निर्णय झटपट होत, हे खरे. पण त्याची बदली झाली की मोहीम थंडावे, हेही तितकेच खरे. अनेक ठिकाणी समितीला स्वतःचे बळ असे नव्हतेच, जे होते ते खुर्चीचे.

उत्तर साक्षरता व निरंतर शिक्षण या पुढच्या टप्प्यांत मानधन पुन्हा आले. निरंतर शिक्षण केंद्र चालवणारा प्रेरक पगारी नसला तरी मानधनी होता. या केंद्रांसाठी पहिली तीन वर्षे पूर्ण खर्च केंद्र सरकारने द्यावयाचा, पुढील दोन वर्षे निम्मा आणि नंतर सारा भार राज्याने उचलावयाचा, अशी अट होती. अशा उतरत्या अनुदानाचा शेवट कोठे होतो, हे राज्याच्या अंदाजपत्रकांशी परिचित असलेल्यास निराळे सांगावे लागत नाही. २००९ च्या साक्षर भारत योजनेने वाटा ७५:२५ केला, भर स्त्री-साक्षरतेवर ठेवून नंदुरबारसारखे मागे राहिलेले जिल्हे निवडले, आणि कामाचे केंद्र जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीतून ग्रामपंचायतीच्या लोकशिक्षण केंद्रात नेले. तेथील दोन प्रेरकांना प्रत्येकी दरमहा २००० रुपये मिळत. ही योजना मार्च २०१८ मध्ये संपली.

तोवर थेट खात्याची युक्ती साक्षरतेपुरती राहिली नव्हती. प्राथमिक शिक्षणासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद आणि पुढे आरोग्य अभियानाच्या सोसायट्या याच वंशातल्या. या साऱ्या खात्यांत एकूण किती रक्कम पडून आहे याचा राज्यांच्या हिशेबात मेळ लागेनासा झाला आणि त्यामुळे २०१४-१५ पासून केंद्रपुरस्कृत योजनांचा निधी पुन्हा राज्यांच्या एकत्रित निधीतून देण्याचे ठरले. २०२२ पासूनचा नव भारत साक्षरता कार्यक्रम, ज्याला उल्लास असेही म्हणतात, याच मार्गाने चालतो: पाच वर्षांसाठी १०३७.९० कोटी रुपये, त्यांपैकी ७०० कोटी केंद्राचे, आणि राबवणुकीचे एकक शाळा. महाराष्ट्रात निरक्षरांच्या सर्वेक्षणाचे काम २०२३ मध्ये शिक्षकांकडे आले तेव्हा शिक्षक संघटनांनी ते अशैक्षणिक ठरवून त्यावर बहिष्कार घातला. शिकवणाऱ्या स्वयंसेवकासाठी या कार्यक्रमातही मानधनाची तरतूद नाही.