निळीपासून रक्तपेढीपर्यंत

चंपारण्यातील रयतेच्या ज्या जबान्या १९१७ साली गांधीजींनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून घेतल्या, त्यांत तीनकठियाची, म्हणजे जमिनीच्या ठराविक हिश्श्यात नीळ लावण्याची, सक्ती, मळेवाल्या साहेबांची शिरजोरी आणि शरहबेशी (वाढीव खंड) व तावान (भरपाई) या नावांनी झालेली लूट यांची गाऱ्हाणी विपुल आहेत. परंतु ज्या द्रव्याने निळीचा बाजार मुळात पाडला आणि तो तोटा कुळांच्या माथी मारण्याची बुद्धी मळेवाल्यांना दिली, ते द्रव्य त्या बिचाऱ्या रयतेच्या ध्यानीमनीही नसणार. ते होते थॅलिक अन्हायड्राइड. आणि त्याचे उगमस्थान म्हणजे आपण लुगड्यांच्या ट्रंकेत घालतो त्या डांबरगोळ्यांतले नॅफ्थॅलीन.

ओग्युस्त लोराँ या फ्रेंच रसायनज्ञाने नॅफ्थॅलीनपासून थॅलिक अम्ल १८३६ सालीच सिद्ध केले होते, आणि बायर या जर्मन पंडिताने १८७१ च्या सुमारास त्याच्या अन्हायड्राइडपासून फिनॉल्फ्थॅलीन व फ्लुओरेसीन ही रंगद्रव्ये निर्माण केली होती. पण प्रयोगशाळेतील यश निराळे आणि पेढीवरचे निराळे. लुडविग्जहाफेन येथील बी.ए.एस.एफ. कंपनीने कृत्रिम निळीसाठी सुमारे १ कोटी ८० लाख मार्क ओतले, तरी जिच्यापासून ती नीळ करायची त्या थॅलिक अन्हायड्राइडसाठी नॅफ्थॅलीनचे स्वस्तात ऑक्सिडीकरण कसे करावे ही अडचण सुटेना. अखेर झापर नावाच्या रसायनज्ञाच्या भांड्यात उष्णतामापक फुटला, त्यातला पारा तप्त गंधकाम्लात मिसळला, आणि अडलेली विक्रिया भराभर चालू लागली, अशी कथा सांगतात. विज्ञानाच्या इतिहासात असे फुटलेले उष्णतामापक जरा जास्तच आढळतात हे मान्य. परंतु पारा हाच त्या विक्रियेचा उत्प्रेरक ठरला यात संदेह नाही. १८९७ साली कंपनीची नीळ बाजारात आली, आणि पुढील पंधरा-सतरा वर्षांत बिहारमधील निळीचे हौद एकामागून एक कोरडे पडले.

पुढे निळीनेच या द्रव्याची साथ सोडली. १९०१ मध्ये अनिलिनपासून नीळ करण्याची अधिक किफायतशीर रीत निघाली. उलट पहिल्या महायुद्धाच्या काळात नॅफ्थॅलीनची वाफ हवेसह व्हॅनेडियमच्या ऑक्साइडवरून नेण्याची युक्ती साधल्याने थॅलिक अन्हायड्राइड पूर्वीपेक्षा स्वस्त झाले. मुबलक मालाला काम लागते, आणि ते काम सेल्युलॉइडच्या धंद्याने पुरविले. सेल्युलॉइडला लवचीकपणा येत असे तो कापराने, आणि कापराचा मक्ता फॉर्मोसा बेटावर अंमल बसविलेल्या जपान सरकारच्या मुठीत १८९९ पासून होता; त्यामुळे थॅलिक अम्लाचा अल्कोहोलशी संयोग करून केलेली एस्टरे, म्हणजेच थॅलेटे, कापराच्या जागी येऊ लागली. १९२६ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे वॉल्डो सेमन हा रबर धातूला चिकटविणारे द्रव्य शोधत असताना, पी.व्ही.सी. हे ठिसूळ व निरुपयोगी मानलेले पदार्थजात उंच उत्कलनबिंदूच्या द्रवात तापवून पाहता झाला, आणि त्याच्या हाती रबरासारखा लवणारा गोळा आला. रेनकोट, रेक्झिन, विजेच्या तारांची वेष्टने, बागेतल्या नळ्या ही सारी त्या गोळ्याची संतती होय.

पी.व्ही.सी.ला मऊ करणाऱ्या द्रवांच्या या संसारात ज्या थॅलेटाने सर्वांत मोठे स्थान पटकावले, त्याचे पूर्ण नाव डाय-२-एथिलहेक्झिल थॅलेट. आपल्याकडील व्यापारी त्याला सुटसुटीतपणे ‘डीओपी’ म्हणतात. हा वर्णहीन, जवळजवळ निर्गंध, तेलकट द्रव पाण्यापेक्षा किंचित हलका असून सुमारे ३८५ अंश सेल्सियसला उकळतो. पाण्यात तो विरघळत नाही म्हटले तरी चालेल, पण तेल, तूप, दूध आणि रक्त यांत सहज उतरतो. पी.व्ही.सी.च्या दीर्घ रेणूंशी त्याचा रासायनिक बंध मुळीच जुळत नाही. पोटभाडेकरूसारखा तो त्यांच्या मधल्या जागेत राहतो, आणि संधी मिळताच बाहेर पडतो. मऊपणा येतो तो या मोकळ्या वास्तव्यामुळे, आणि पुढचा सारा खटला उभा राहिला तोही त्याचमुळे.

त्या खटल्याचे मुख्य स्थळ म्हणजे रक्तपेढी. पूर्वी रक्त काचेच्या बाटल्यांत साठवीत. बाटल्या फुटत, आणि रक्त उतरण्यासाठी आत हवा घ्यावी लागत असल्याने ती रुग्णाच्या शिरेत शिरण्याचे भय असे. बॉस्टनचे शल्यविशारद कार्ल वॉल्टर यांनी विल्यम मर्फी (धाकटे) यांच्या सहकार्याने १९५० च्या सुमारास पी.व्ही.सी.ची पिशवी सिद्ध केली; ती आपोआप मिटत जाई, आणि केंद्रोत्सारक यंत्रात फिरवून तांबड्या पेशी व रक्तद्रव निराळे करता येत. पुढे १९८० च्या दशकात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हे तंत्र स्वदेशात विकसित केले. पण त्याआधीच, १९७० मध्ये, जॉन्स हॉपकिन्सच्या जेगर व रुबिन या संशोधकांनी दाखवून दिले की पिशवीतल्या रक्तात हे थॅलेट दिवसागणिक उतरत असते. आणि १९७२ मध्ये, रक्त घेतलेल्या रुग्णांच्या ऊतींतही ते सापडल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले.

पुराव्याला उलटा पुरावा निघाला तो येथेच. १९८० नंतरच्या दशकातील तपासांत असे आढळले की हे झिरपलेले थॅलेट तांबड्या पेशींच्या आवरणात शिरून त्याला बळकटी देते, आणि त्याच्यावाचून साठवलेल्या रक्तात अधिक पेशी फुटतात. रक्त ४२ दिवसांच्या मुदतीपर्यंत टिकते, त्याचे काही श्रेय या आगंतुकाकडे जाते. एकाच वेळी दूषक आणि रक्षक असलेले असे द्रव्य वैद्यकाच्या दप्तरात क्वचितच आढळेल.

तीव्र विष या अर्थाने ते सौम्यच. उंदराला मारायलाही त्याची प्रचंड मात्रा लागते. धोका आहे तो अल्प पण नित्य मात्रेचा, आणि तोही वाढत्या देहाला. शरीरात त्याचे मोनोएस्टर बनते. गर्भावस्थेतील नर उंदरांत ते टेस्टोस्टेरॉनची उत्पत्ती रोखते व जननेंद्रियांची घडण बिघडविते. कर्करोगाविषयीचा निकाल तर फिरत राहिला: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ मध्ये त्याला संभाव्य कर्ककारक ठरविले, उंदराच्या यकृतातील यंत्रणा माणसाला लागू नाही म्हणून २००० मध्ये ते नाव काढले, आणि २०११ मध्ये पुन्हा दाखल केले.

यथावकाश हुकूमही निघाले. युरोपात १९९९ मध्ये लहान मुले तोंडात घालतात त्या खेळण्यांतून थॅलेटे हटविण्यात आली, आणि भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानकाची सक्ती झाली, तिच्यात थॅलेटांची मर्यादाही आली. एकेकाळी कापराच्या मक्त्यासाठी प्रसिद्ध असलेल्या फॉर्मोसात, म्हणजे तैवानात, २०११ साली सरबतांना दाटपणा आणणाऱ्या मिश्रणात पामतेलाऐवजी हेच स्वस्त थॅलेट घातल्याचे उघडकीस आले. तो विज्ञानाचा प्रमाद नव्हता. निव्वळ भेसळ होती.

रक्ताच्या पिशवीचा प्रश्न मात्र हुकुमाने सुटत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये, विशेषतः नवजात मुलग्यांच्या उपचारांत, शक्य तेथे थॅलेटरहित साधने वापरण्याचा सल्ला दिला, कारण कोवळ्या जिवाच्या वजनामागे येणारी मात्रा प्रौढाच्या कितीतरी पट असते. सिट्रेट वर्गातील पर्याय उपलब्ध आहेत, पण तांबड्या पेशींना ते तितकेसे मानवत नाहीत. म्हणून युरोपीय संघाने वैद्यकीय साधनांतील या द्रव्याची मुदत २०३० पर्यंत लांबविली. आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये सलाइनच्या पिशव्यांतून ते २०३० पासून बाद करण्याचा कायदा केला, तेव्हा रक्ताच्या पिशव्यांना त्यातून वगळले.