चंद्राच्या वाटेवरचे शिवण

माझे शिक्षण सातवीपर्यंतच. पण शिवणाच्या मशीनपुढे निम्मे आयुष्य गेले. म्हणून इतिहास सांगायचा तोही कातरीच्या वाटेनेच सांगते.

१९४७ साली पॅरिसमध्ये क्रिस्तियाँ दिओर यांनी नवी तऱ्हा आणली. कंबर आवळलेली आणि खाली वारेमाप घेर. दिसायला सुरेख, पण त्यात धावपळ कशी करावी?

पुढे १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरू लागला. १९६३ साली तर व्हॅलेंटिना तेरेश्कोवा या बाईंनी पृथ्वीला ४८ प्रदक्षिणा घातल्या. त्या आधी कापडगिरणीत काम करीत, हे वाचून मला कोण आनंद झाला!

१९६४ साली आंद्रे कुरेझ यांनी पॅरिसमध्ये अंतराळयुगाचे कपडे दाखविले. बांधकामाचे शास्त्र शिकलेले हे गृहस्थ बालेन्सियागा यांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांचे झगे पांढरेशुभ्र, गुडघ्याच्या वर थांबणारे. कंबर न आवळता खांद्यावरून सरळ सोडलेले. पायांत उंच टाचेऐवजी सपाट बूट. बाईला मोकळे चालता यावे, हा त्यांचा हेतू. पत्नी कोकलिन याही त्याच शिवणघरातल्या आणि त्यांच्या बरोबरीने राबणाऱ्या. पण कपड्यावर नाव लागले ते कुरेझ यांचे.

१९६६ साली पाको राबान यांनी तर सुईदोराच बाजूला ठेवला. प्लॅस्टिकच्या चकत्या कड्यांनी जोडून पोशाख केले. पाहावे असे, पण ते घालून बसावे कसे?

आता खरी गंमत ऐका. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, त्याचा पोशाख पॅरिसच्या शिंप्याने शिवलेला नव्हता. बायकांची कंबर आवळणारी अंतर्वस्त्रे करून नावारूपाला आलेल्या अमेरिकेतील कंपनीकडे ते काम होते. डोव्हर गावी तिथल्या बायकांनी मशीनवर ते २१ थरांचे पोशाख शिवले. टाका चुकला किंवा टाचणी आत राहिली, तर वर माणसाच्या जिवाशी गाठ!

चंद्रावर चाललेल्या पुरुषांची नावे शाळेतली मुलेही सांगतात. शिवणारणींची नावे किती जणांना ठाऊक आहेत? म्हणून मंडळाच्या शिवणवर्गातल्या मुलींना माझे एवढेच सांगणे, "नुसते शिवणच तर करते" असे कधी म्हणू नका.