न बोलणाऱ्या बाळाची नजर

गटाच्या बैठकीत आम्ही हप्त्यांबरोबर लेकरांच्या तब्येतीचंही बोलतो. वजन, लस सगळ्यांना पाठ असतं. नजरेचं विचारलं, की उत्तर येतं, "शाळेत गेल्यावर बघतील की!" म्हणून आज तान्ह्या बाळाची नजर तपासायला माणूस कसा शिकला, ते सांगतो.

डोळ्यांच्या दवाखान्यातला, वर मोठी आणि खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता नेदरलँड्सच्या डॉ. हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केला. पण त्याला अक्षरओळख लागते. ती पाळण्यातल्या बाळाला कुठून असणार?

१९६० च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट फँट्झ यांच्या लक्षात आलं, की कोऱ्या कागदापेक्षा पट्ट्यापट्ट्यांच्या कागदाकडे बाळ जास्त वेळ बघतं. पट्ट्या बारीक करत गेलं, की एका टप्प्यावर बाळाला दोन्ही कागद सारखेच वाटतात. तिथे त्याच्या नजरेची हद्द कळते. पुढे डेव्हिडा टेलर या संशोधक बाईंनी अशा पट्ट्यांची कार्डं केली. थोड्या मोठ्या मुलांसाठी फिनलंडच्या डॉ. लेआ ह्युव्हारिनेन यांनी १९७६ मध्ये सफरचंद, घर, गोल आणि चौकोन या चित्रांचा तक्ता आणला.

त्याच १९७६ साली आपल्याकडे राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीची योजना आदल्याच वर्षी, २ ऑक्टोबरला आली होती. पुढे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच कोकणपट्टीतल्या पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात आरोग्य पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासायची असतात. डोळेही त्यात आले.

एवढी घाई का? कारण बघायला मेंदूलाही शिकावं लागतं. हे दाखवून देणाऱ्या ह्युबेल आणि विझेल यांना १९८१ चं नोबेल मिळालं. एक डोळा अंधुक असेल तर मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करतो आणि तो डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांनंतर त्याला सुधारणं अवघड जातं. बाळ मात्र सांगत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं, असं त्याला वाटतं.

घरी एवढं बघा. तीन महिन्यांच्या बाळासमोर रंगीत वस्तू हळू फिरवा. खुळखुळा नको, आवाजानेही बाळ वळतं. नजर वस्तूमागे जाते का? एकेक डोळा तळहाताने अलगद झाकून बघा. एकच डोळा झाकल्यावर बाळ चिडत असेल, तर दुसऱ्याने कमी दिसत असेल. सहा महिन्यांनंतर डोळा तिरळा दिसला, तर ते भाग्याचं लक्षण समजू नका. बाहुली पांढरी दिसली तर पथकाची वाट न बघता आशाताईंना सांगून अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठा.

आपल्या किनाऱ्यावरच्या बायका पहाटेच मासळी घेऊन बाजाराला निघतात आणि नेमकं तपासणीच्या दिवशी लेकरू घरी राहतं. म्हणून पथकाची तारीख सेविकाताईंकडून घेऊन गटाच्या वहीत लिहू या. जी बाजाराला जाईल, तिचं लेकरू दुसरीने न्यायचं.